छातीचा फोटो

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या या वर्गात आज पोरं नाहीत. बाकं भिंतीकडे ढकलून एकावर एक चढवली आहेत. फळ्यावर पुसायचा राहिलेला बाराचा पाढा आहे आणि त्याच्या पुढ्यात, स्टँडवर, एक काळी सपाट पाटी अडकवलेली आहे. तिच्यापासून चार-पाच फुटांवर शिशाचं जाकीट घातलेला एक पोरगा हातात जाडजूड कॅमेऱ्यासारखं दिसणारं यंत्र धरून उभा आहे.

"बाबा, हनुवटी वर करा. छाती पाटीला चिकटवा. श्वास घ्या... धरा... सोडा."

झालं. बाबा मागं वळून बघतात. "काढला?"

"काढला."

"लाईट तं चमकलाच नाही!"

रांगेत हशा पिकतो. कन्नड तालुक्यातल्या पिशोरमध्ये एक्स-रेला एक्स-रे म्हणणारी माणसं आहेतच, पण जुनी माणसं त्याला फोटोच म्हणतात. हाताचा फोटो, कमरेचा फोटो, छातीचा फोटो. आज छातीचा आहे. क्षयरोग शोधायचं शिबिर आहे. रविवार बघून शाळा घेतली आहे. आशाताईंनी आधी घरोघर फिरून खोकला कोणाला, वजन कोणाचं घटलं, घरात आधी टीबी कोणाला होऊन गेला, साखर कोणाला आहे, याच्या याद्या केल्या आहेत. याद्या लांब आहेत, पण रांग तेवढी लांब नाही. अद्रकीची काढणी चालू आहे. भाव असला तरी काढायची असते आणि पडला तरी काढायची असते, त्यामुळं यादीतले कितीतरी लोक या वेळी वाफ्यावर वाकलेले आहेत. एक आशाताई दारात उभी राहून फोनवर कोणाला तरी दटावतेय, "मावशी, रिक्षा नको न् काही नको. शाळेतच मशीन आलंय. पाच मिन्टं बी लागत न्हाईत."

पाच मिनिटं खरंच लागत नाहीत. एका वाक्यात सांगायची तर या यंत्राची करामत एवढीच की ते उचलून आणता येतं. बॅटरीवर चालतं, त्यामुळं शाळेच्या विजेचं आज काय चाललंय याची कोणाला फिकीर नाही. फोटो धुवायची भानगड नाही. काळी पाटी तो थेट लॅपटॉपला धाडते. तिसरीच्या गुरुजींच्या टेबलावर लॅपटॉप आहे आणि त्याच्यापुढं डॉक्टर मॅडम बसल्यात. पडद्यावर बरगड्यांचा पिंजरा उमटतो, आणि मॅडम नीट बघायच्या आधी संगणकानं स्वतःच बघून घेतलेलं असतं. संशय आला तर तो त्या जागेवर पिवळा-तांबडा डाग दाखवतो, शेजारी एक आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसांच्या क्षयरोग चाळणीसाठी असं संगणकी वाचन मान्य केलं. पिशोरसारख्या गावात त्याचा अर्थ साधा आहे. छातीचा फोटो वाचणारा तज्ज्ञ इथं नाही, आणि त्याची वाट बघत बसायला लागत नाही.

"पण मी बघतेच," मॅडम म्हणतात. वय तिशीच्या आतबाहेर. "हा कधी कधी जुन्या, भरून आलेल्या व्रणालाही लाल करतो. आणि काही वेळा मला शंका येते तिथं गप्प बसतो."

खोकला आहे का एवढंच विचारत बसलो तर किती माणसं निसटतात, हे देशानं मोजून ठेवलंय. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत जे रुग्ण सापडले, त्यातले ४२.६ टक्के छातीचा एक्स-रे काढला नसता तर हातून गेले असते. म्हणजे दहातले चार. त्यांना सांगण्यासारखा त्रासच नव्हता, किंवा होता तो त्यांनी विडीच्या, धुराच्या, मक्याच्या कुटीच्या नावावर टाकून दिला होता. हा आकडा वाचला की या हातातल्या यंत्राच्या किमतीवर कुरकुर करावीशी वाटत नाही. राँटगेनला हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ ला सापडले आणि त्यानं त्यावर पेटंट घेतलं नाही. सव्वाशे वर्षांनी पिशोरच्या तिसरीच्या वर्गापर्यंत ते आले. उशीर म्हणायचा की आले हेच पुष्कळ, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता नाना उभे आहेत. डोक्याची टोपी त्यांनी सुनेच्या हातात दिलीय. नेहरू शर्टाच्या खिशातून विडीबंडल, काड्यापेटी, चष्मा, एक घडी घातलेली पावती, असा ऐवज एकेक करून बाकावर निघतो. पोरगा हसतो. "नाना, एवढी विडी?"

"आता कमी केली बाबा. पह्यले दोन बंडलं लागायची."

"घ्या श्वास. धरा."

नानांना श्वास धरवत नाही. मध्येच खोकला येतो. दुसऱ्यांदा निघतो. सून भिंतीला टेकून उभी आहे. सातवा महिना असावा. आशाताई तिला आधीच दारापाशी, वर्गाच्या बाहेर थांबायला सांगते. "तू आत नको बाई. पोटुशीनं इथं थांबायचं नसतं."

"मग माव्हं कधी? मला सोनोग्राफीला सांगितलंय ना मागच्या टायमाला."

"ते इथं न्हाई. तालुक्याला. नऊ तारखेला जाऊ."

दर महिन्याची ९ तारीख ही गरोदर बायांच्या तपासणीची. २०१६ पासून देशभर सरकारी दवाखान्यांत ती पाळली जाते. सुनेला ते माहीत आहे. तिचा प्रश्न वेगळाच आहे आणि तो ती मोठ्यानं विचारून टाकते: "फोटोची मशीन शाळेत येती, मग ती मशीन कामून येत न्हाई?"

आशाताई उत्तर देत नाही. मॅडमही लॅपटॉपवरून नजर काढत नाहीत. उत्तर दोघींना ठाऊक आहे.

सोनोग्राफीचं यंत्र तर या एक्स-रेपेक्षाही लहान निघालंय. मुठीत मावणारा एक दांडा, मोबाईलला जोडला की पडद्यावर बाळ. किरणांची भीती नाही, शिशाचं जाकीट नको. तंत्राचं विचाराल तर ते या शाळेत आजच येऊ शकतं. पण कायद्यानं ते नोंदणी झालेल्या जागेला बांधून ठेवलंय, फिरत्या यंत्रांवर कडक निर्बंध आहेत, आणि ते उगाच नाहीत. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८९४ मुली निघाल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. गाडीत घालून गावोगाव नेलेल्या यंत्रांनी जे केलं ते मराठवाड्याला कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून निर्बंध चुकीचा आहे असं माझ्यानं म्हणवत नाही. एवढंच दिसतं की सातव्या महिन्यातल्या या बाईनं नऊ तारखेला जीपमध्ये बसून हाडं जी खिळखिळी करून घ्यायची आहेत, तो दुसऱ्या कोणी केलेल्या पापाचा दंड आहे. यंत्राच्या किमतीत हा दंड कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. पुढंमागं नोंदीचं, पाळतीचं काही पक्कं तंत्र बसवून हा दांडा उपकेंद्रापर्यंत नेता येईल का, हा विचार करायला हवा. आज तरी सून दाराबाहेर उभी आहे आणि नानांची टोपी धरून आहे.

रांगेचा ओघ जरा आटतो. व्हरांड्यात दुसऱ्या आशाताईकडं एक बाळंतीण तान्ह्याला घेऊन आलीय. शिबिराशी तिचा संबंध नाही. ताई इथं आहे म्हणून ती इथं. ताई पिशवीतून सामान काढते: झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, एक पातळ ब्लँकेट. बाळाचं झबलं वर करते, मोबाईलवर सेकंद लावते आणि नुसती छातीकडं बघत राहते. ओठ हलताहेत. मिनिटभर कोणी बोलत नाही.

"बावन्न. चांगलंय. साठच्या वर गेलं तर मला रात्री बी फोन करायचा, काय?"

या पिशवीचा जन्म गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ज्या सुइणींना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी तिथं एक मण्यांचं साधन केलं होतं: मिनिटाची वाळूची घडी उलटायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. अंकगणित मण्यांनी केलं आणि निदान सुइणीनं. घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगात ३९ गावांमधले नवजातांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढं देशभरच्या आशांच्या हाती ही पिशवी आली. आरोग्यातलं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं खोलीएवढी पांढरी नळकांडी येतात. लाल मणी येत नाही. मला विचाराल तर आज या शाळेत आलेल्या सगळ्या सामानात सगळ्यात चोख यंत्र ती पिशवी आहे, कारण तिच्यामुळं बाळंतिणीची शहराची एक खेप वाचते, आणि ती चालवणारी बाई इथंच, पलीकडच्या गल्लीत राहते.

ती बाई इथं राहते, हीच गोष्ट बाकीच्या यंत्रांच्या बाबतीत अडते. वर्गात एक्स-रेचा पोरगा खाली बसून काहीतरी खटपट करतोय. पाटी आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलायचे थांबलेत. तो केबल काढतो, लावतो, लॅपटॉप बंद करून चालू करतो.

"होतं असं. धूळ जाती," तो म्हणतो. जालन्याचा आहे.

"आणि नाहीच झालं तर?"

"कंपनीला फोन करायचा. इंजिनीअर येतो."

"कुठून?"

"पुण्याहून. नायतर मुंबईहून."

"किती दिवसात?"

तो नुसता हसतो, केबल पुन्हा लावतो.

केंद्रानं काही वर्षांपूर्वी देशातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद केली होती. २९ राज्यांतली साडेसात लाखांवर उपकरणं, सुमारे ४,५६४ कोटी रुपयांची. आणि राज्याराज्यांतून त्यातली १३ ते ३४ टक्के बंद. खरेदीची बातमी होते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. दुरुस्तीच्या कराराची बातमी कोणी कधी वाचलीय? संभाजीनगरच्या लोकांना याचं सगळ्यात कडू उदाहरण तोंडपाठ आहे. एप्रिल २०२१, दुसरी लाट. घाटी रुग्णालयाला दीडशे व्हेंटिलेटर आले. त्यातले सतरा घाटीनं लावले, एक्केचाळीस खासगी रुग्णालयांना आणि पंचावन्न मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांना दिले, सदतीस खोक्यांतच राहिले. उघडलेल्या ११३ यंत्रांमध्ये दोष असल्याचा अहवाल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं आला. केंद्राच्या बाजूनं उत्तर आलं की यंत्रं चांगली आहेत, वापरणाऱ्यांना ती नीट चालवता येत नाहीत. खंडपीठाला ते उत्तर रुचलं नाही. खरं कोणाचं, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट सांगत होत्या: दीडशे खोकी आली, पण ती चालवायला शिकवणारा आणि बिघडली तर उघडून बघणारा माणूस त्या खोक्यांबरोबर आला नव्हता.

"लागलं," पोरगा ओरडतो. पडद्यावर कोणाच्या तरी बरगड्या उमटतात. रांग पुन्हा हलू लागते.

मॅडम नानांना हाक मारतात. नाना टेबलाजवळ येतात, लेकरानं गुरुजींपुढं उभं राहावं तसे. पडद्यावर त्यांची छाती आहे. उजवीकडं, वरच्या बाजूला, तांबडा डाग.

"नाना, इथं जरा दिसतंय."

"काय हाय?"

"तेच बघायचंय. बेडका तपासायला घेऊ. डबी देतात ताई, सकाळी तोंड धुवायच्या आधी खाकरून द्यायचा. तालुक्याला मशीनवर लावू, लगेच कळतं."

ती मशीन 'ट्रूनॅट', गोव्यातल्या कंपनीची. जंतूचा अंश सापडतो का हे तासा-दोन तासात सांगते, औषधाला दाद देणारा जंतू आहे का तेही बघता येतं. टीबी निघाला तर गोळ्या फुकट, आणि खाण्यापिण्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये खात्यात. आधी पाचशे होते. या वाटेवर सरकारनं दिवे लावलेत, हे कबूल करायला हवं. नमुना जातो, माणसाला जावं लागत नाही.

पण मॅडम अजून पडद्याकडंच बघतायत. "नाना, विडी किती वर्षं?"

"मिसरूड फुटल्यापासून."

"बेडक्यात काही नाही निघालं तर सीटी स्कॅन करावा लागेल. हा डाग मला नुसता टीबीचा वाटत नाही."

संगणकाचा आकडा यावर काही बोलत नाही. तो क्षयरोगासाठी शिकवलेला आहे. दुसरं काही असेल तर ते मॅडमना ओळखायचंय. नानांना त्यातला पुढचा शब्द कोणी सांगितलेला नाही, तरी सुनेच्या हातातली टोपी त्यांनी परत घेतलीय.

"सीटी कुठं?"

"शहरात. घाटीत होईल."

"पैशे?"

इथून पुढचं नीट ऐकण्यासारखं आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ दवाखान्यांमध्ये केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झालं. घाटी मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाची. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. नानांच्या लेखी दोन्ही सरकारच आहे. महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे का, असं मॅडम विचारतात. आहे. १ जुलै २०२४ पासून योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झालीय, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण तिचा सगळा हिशोब दाखल झालेल्या रुग्णाभोवती बांधलेला आहे. ऑपरेशनला, केमोला, डायलिसिसला ती धावून येते. रोग काय आहे हे कळेपर्यंतच्या चकरा तिच्या अंगणाबाहेर पडतात. आणि पिशोरमधला माणूस खचतो तो त्या चकरांमध्ये.

नाना लेकाला फोन लावतात. लेक वाळूजला कंपनीत आहे. फोन स्पीकरवर आहे, कारण नानांना कानाला लावून ऐकू येत नाही, त्यामुळं अख्खा वर्ग ऐकतोय.

"सीटी म्हणत्यात."

"कधी?"

"तारीख घ्यावी लागती म्हणत्यात. पह्यले तारखेला जायाचं, मग फोटोला, मग रिपोटाला."

"म्हंजे तीनदा?"

"तीनदा."

"मला तीन सुट्ट्या न्हाई भेटत, बाबा. एक खाडा झाला तरी हजेरीचं बक्षीस जातं. बाहेरून करून घेऊ ना, एका दिसात."

"बाहेरून किती?"

लेक रक्कम सांगतो. नाना फोनकडं बघतात, मग खिडकीतून बाहेर. यंदा अद्रकीला किती मिळाले तेही सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं कोणी काही विचारत नाही.

खरं तर जायला एसटी आहे. नाना पासष्टीच्या पुढचे, त्यांना अर्धं तिकीट. सोबत सून गेली तर बायकांनाही मार्च २०२३ पासून अर्धंच. आरोग्याच्या कुठल्या अंदाजपत्रकात ही सवलत धरत नाहीत, पण खेड्यातल्या किती बायांचे रक्तदाब आणि साखर त्या अर्ध्या तिकिटानं तपासून घेतलेत ते एखाद्या वाहकाला विचारावं. अडचण इतकीच की सकाळी रांगेत नंबर लागेल अशा वेळेला शहरात पोचवणारी आणि रिपोर्ट हातात पडल्यावर परत आणणारी एसटी एकाच दिवसात जुळत नाही. शिवाय सातव्या महिन्यातली सून सासऱ्याला धरून कुठं कुठं फिरणार.

"नऊ तारखेला जीप सांगू," आशाताई मध्ये पडते. "हिची सोनोग्राफी, न् तुमची तारीख बी घेऊन येऊ."

"अगं ताई, हिचं कन्नडला, माव्हं संभाजीनगरला. जीप काय दोन तोंडांची हाय का?"

पुन्हा हशा. या वेळी नानाही हसतात आणि त्यातच खोकतात. आशाताई त्यांच्या हातात बेडक्याची डबी देते, झाकणावर नाव लिहून. एक्स-रेचा पोरगा पुढचं नाव पुकारतो.

शाळेच्या फाटकाशी जीपवाला उभाच आहे. शिबिर असलं की शहराच्या खेपा निघतात, हे त्याला कोणी सांगायला लागत नाही. नाना त्याच्याकडं जातात, मागून सून. करंजखेडचा एक माणूसही चिठ्ठी घेऊन तिथं आलाय. त्यालाही शहरात पाठवलंय, डोळ्यासाठी.

"चार सीटा भरल्या तर परवडल," जीपवाला म्हणतो. "मंगळवारी पहाटं पाचला निघू."

"किती घेशील?"

"जायाचं भाडं मी सांगतो, नाना. थांबायचं किती, ते तिथल्या मशीनला इचारा."

नाना थोडा वेळ हिशोब करतात, करंजखेडच्या माणसाकडं बघतात, तो मान हलवतो. मग सुनेकडं वळून म्हणतात, "डबा दोन्ही टायमाचा बांध. न् अद्रकीच्या बायांना सांग, मंगळवारी नका येऊ."